जुन्या ठाण्याचा नकाशा मी काढलाय, भिंत तेवढी हवी

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या डिसेंबरात डोंबिवलीला एक लग्न होतं. त्यासाठी माझी भाची, जावई, त्यांची दोन मुलं आणि भाचीच्या सासूबाई असे पाच जण वर्ध्याहून आले होते. लग्न शनिवारी झालं. परतीची विदर्भ एक्स्प्रेस रविवारी संध्याकाळी ठाण्याहूनच पकडायची होती, म्हणून सकाळी सातलाच सगळं बिऱ्हाड सामानासकट आमच्या खारकर आळीतल्या घरी हजर झालं. चहा घेताना सासूबाई म्हणाल्या, "भाऊ, दिवसभर रिकामेच आहोत. ठाण्यात पाहण्यासारखं काही असेल तर दाखवा ना." आतून माझा मुलगा म्हणाला, "मॉल आहेत की!" भाची लगेच म्हणाली, "मॉल काय, नागपुरातही आहेत रे."

या प्रश्नाने माझी जी अवस्था झाली, तीच हे पत्र लिहिण्याचं कारण आहे.

मी भूमी अभिलेख खात्यात चौतीस वर्षं भूकरमापक होतो. लागलो तेव्हा शंकू साखळीनं मोजणी चालायची. तेहतीस फुटांची साखळी, तिचे सोळा आणे. एक साखळी लांब, एक साखळी रुंद म्हणजे एक गुंठा, हे गणित आमच्या हाडात मुरलेलं असायचं. पुढे प्लेन टेबलवरून मशिनवर आलो आणि शेवटी उपग्रहाच्या भरवशावर. नोकरीतली बरीच वर्षं ठाण्याच्या नगर भूमापनात गेली. चरई, महागिरी, चेंदणी, टेंभी नाका, उथळसर इथले टिका नंबर आणि सिटी सर्व्हे नंबर मला अजून तोंडपाठ आहेत. कुठल्या वाड्याची भिंत शेजाऱ्याच्या हद्दीत किती गेली हे मी झोपेतही सांगेन. आणि तरीही, पाहुण्यांना ठाण्यात काय दाखवायचं, यावर मला पटकन उत्तर देता आलं नाही. चौतीस वर्षांत ही जमीन मी शेकडो लोकांना मोजून दिली, पण एकालाही ती दाखवली नाही. याचं मला त्या सकाळी फार वाईट वाटलं.

मग पायात चपला घातल्या आणि म्हटलं, चला.

सुरुवात स्टेशनापासून केली, कारण धाकटा सात वर्षांचा आहे आणि त्याला आगगाडीचं वेड आहे. १६ एप्रिल १८५३ रोजी दुपारी ३ वाजून ३५ मिनिटांनी बोरीबंदरहून गाडी सुटली, तिला १४ डबे होते, ४०० पाहुणे होते, साहिब, सिंध आणि सुलतान अशी तीन इंजिनं होती आणि सुटताना २१ तोफांची सलामी दिली होती, हे सगळं मी त्याला पुलावर उभं राहून सांगितलं. तो म्हणाला, "आणि कुठे आली?" म्हटलं, "इथे. आपण उभे आहोत त्या गावात." देशातली पहिली प्रवासी गाडी आपल्या पायाखालच्या गावात येऊन थांबली, हे ऐकून त्याने जिन्यावरून खाली वाकून रूळ असे काही पाहिले की जणू ती गाडी अजून उभीच आहे. नाना शंकरशेट त्या गाडीच्या पाहुण्यांत होते, हे त्याच्या वडिलांनाही ठाऊक नव्हतं.

स्टेशनातून पश्चिमेला बाहेर पडलो. रिक्षांची रांग, बसथांबे, फेरीवाले, जाहिराती. इथून जुनं गाव कुठे, तलाव कुठे, किल्ला कुठे, हे सांगणारा एखादा नकाशा पाहुण्यांच्या नजरेला पडतो का म्हणून मी मुद्दाम काही बोललो नाही. पाचांपैकी एकाच्याही नजरेला काही पडलं नाही. जावई म्हणाले, "मामा, फोनवर बघू का?" बघितलं. फोनने हॉटेलं आणि मॉल दाखवले.

मामलेदार कचेरीशेजारची मिसळ खाल्ली. मुलांचं नाक वाहायला लागलं. सासूबाई वर्ध्याच्या, सावजी रश्श्यावर वाढलेल्या, त्या शांतपणे म्हणाल्या, "तिखट बरं आहे." त्याबद्दल इतकंच पुरे.

मासुंदा तलावाचं, म्हणजे आमच्या तलावपाळीचं मी वेगळं काय सांगू? ठाणेकर तिथे भेळ खायला आणि दिवाळी पहाटेला जातात. पण त्या काठावर पाच मिनिटं बसून नुसतं सभोवार पाहिलं तरी या गावावर कोण कोण येऊन गेलं ते कळतं. एका काठी कौपिनेश्वराचं देऊळ. शिलाहारांच्या काळापासून इथे शिवाचं ठाणं होतं असं मानतात, आणि आजचं देऊळ १७६० साली सरसुभेदार रामाजी महादेव बिवलकरांनी उभं केलेलं. आतलं शिवलिंग सव्वाचार फुटांच्या आसपास उंच आहे आणि त्याचा घेर बारा फुटांचा. तळ्याच्याच काठी सेंट जॉन बाप्टिस्ट चर्च, पोर्तुगीज अमदानीची आठवण. रविवार असल्याने प्रार्थना सुटत होती आणि लुगड्यातल्या दोन वयस्क बाया पायऱ्या उतरत आपसात बोलत होत्या. भाचीची मुलगी दहा वर्षांची आहे, तिने कान देऊन ऐकलं आणि मला विचारलं, "आजोबा, त्या मराठी बोलताहेत का? वेगळीच वाटतेय." ती ईस्ट इंडियन समाजाची बोली. साष्टीतले, म्हणजे ठाणे-मुंबईच्या या बेटावरचे, हे मूळचेच भूमिपुत्र, पोर्तुगीज काळात ख्रिस्ती झालेले, भाषा मात्र इथलीच राहिलेली. पुस्तकातला एक अख्खा धडा त्या दोन बायांनी पायऱ्या उतरता उतरता शिकवला.

पोर्तुगीज साष्टीत जवळजवळ दोनशे वर्षं होते. १७३७ च्या मार्चमध्ये चिमाजी अप्पांच्या फौजेनं ठाणं घेतलं. त्या स्वारीमागे खाडीपलीकडच्या अंजूरच्या गंगाजी नाईकांसारख्या स्थानिकांचे मोठे प्रयत्न होते. त्यानंतर तेवीस वर्षांनी मराठ्यांच्या सरसुभेदाराने तळ्याकाठी देऊळ बांधून काढलं, आणि चर्चही तळ्याकाठीच राहिलं. दोन्ही वास्तू एका बाकावरून दिसतात. मी सासूबाईंना ते सांगत होतो तेव्हा त्या बऱ्याच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "आमच्या सेवाग्रामात बापूंची कुटी मातीची आहे हो. दोन खोल्यांची असेल. पण कुठून कुठून लोक येतात, कारण तिथे कोणीतरी बसून नीट समजावून सांगतं."

संपादक महोदय, माझं सगळं म्हणणं त्या माउलीच्या या वाक्यात आलेलं आहे. आमच्याकडे दाखवायला कमी नाही. समजावून सांगायची सोय करायला हवी.

तलावपाळीवरून टेंभी नाक्याला चालत गेलं तर दहा मिनिटंही लागत नाहीत. तिथे बेने इस्रायल समाजाचं सिनेगॉग आहे, शार हाशामाईम, म्हणजे स्वर्गाचं दार. १८७९ सालचं. बाहेर जायचं म्हणून जावयांनी ओळखपत्रं खिशात ठेवली होती ते बरं झालं. दारावर विचारलं, ओळख दाखवली आणि थोडं थांबून आत जायला मिळालं. तिथल्या एका म्हाताऱ्या गृहस्थांनी मुलीला पहिला प्रश्न विचारला, "कुठून आलीस गं बाय?" अगदी आपल्या कोकणी घरातला सूर. मुलगी चकित होऊन आईकडे बघायला लागली. तिच्या डोक्यात ज्यू म्हटल्यावर पुस्तकातली, परदेशातली माणसं होती.

त्या गृहस्थांनी मग उभ्याउभ्याच सांगितलं. त्यांचे पूर्वज अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर जहाज फुटून लागले अशी परंपरा आहे. कोकणात ते तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचे, म्हणून लोक त्यांना शनिवार तेली म्हणायचे. गावावरून आडनावं पडली, पेणकर, नवगावकर. प्रेषित एलियाहूसाठी मालिदा करतात, त्यात पोहे, नारळ आणि फळं असतात. "पोहे?" मुलगी म्हणाली. "पोहेच," ते म्हणाले, "आणि गोड." सासूबाईंनी लगेच नारळ किती घालता ते विचारलं. मी बाजूला उभा राहून ऐकत होतो. ही वास्तू ज्या मोजणीच्या तावावर आहे, तो ताव माझ्या हातून कितीदा गेला असेल. पोह्यांचं मला तोवर माहीत नव्हतं.

जवळच पारशांची अग्यारी. तिथे परधर्मीयांना आत जाता येत नाही, बाहेरूनच पाहिली. तो त्यांचा नियम आहे आणि तो पाळला पाहिजे. पण बाहेर उभं राहून मुलांना हे सांगता येतं की इंग्रज ठाण्यात आले त्या काळात पारशीही इथे वसले, आणि म्हणूनच देऊळ, चर्च, सिनेगॉग आणि अग्यारी असं सगळं पायी फिरण्याच्या अंतरात सापडतं. हे लक्षात आलं की गाव वाचायला लागतं माणूस.

इथपर्यंत दुपारचे बारा वाजले आणि खरी अडचण उभी राहिली. सासूबाईंना स्वच्छतागृह हवं होतं. चार जणांना विचारलं, चौघांनी चार दिशा दाखवल्या. एका हॉटेलात गेलो तर गल्ल्यावरचा माणूस म्हणाला, आधी ऑर्डर द्या. सहा चहा मागवले, ते कोणालाच नको होते. सत्तरीच्या बाईला अशा कारणासाठी ताटकळत उभं राहावं लागतं तेव्हा घरच्या माणसाला काय वाटतं ते मी लिहीत नाही. पण जो कोणी अशा फेरीचा विचार करेल, त्याने वास्तूंच्याही आधी नकाशावर हे ठिकाण टाकावं. मी माझ्या नकाशावर टाकलं आहे.

कोर्ट नाक्याकडे रविवारी वर्दळ कमी असते. रोज पक्षकारांनी आणि वकिलांनी फुललेला रस्ता त्या दिवशी मोकळा मिळतो, झाडं दिसतात, जुन्या इमारतींची कौलं दिसतात. या भागात सेंट जेम्स चर्च आहे, इंग्रजांचं. १८२५ साली बिशप हेबर ठाण्याला आला तेव्हा त्याच्या हस्ते त्याची प्रतिष्ठापना झाली. तळ्याकाठचं चर्च पाहून मग हे पाहिलं की दोन सत्तांमधला फरक मुलांनाही समजतो. इथे जवळच इंग्रजांच्या कचेऱ्या आणि किल्ला, म्हणजे हे चर्च मुख्यतः साहेबांसाठी होतं.

आणि मग किल्ला. म्हणजे मध्यवर्ती कारागृह.

आमच्या ठाण्यातल्या कित्येक तरुणांना जेल माहीत आहे, पण ते किल्ल्यात आहे हे माहीत नाही. पोर्तुगीजांनी १७३० च्या सुमारास तो बांधायला घेतला आणि तो पुरता व्हायच्या आत मराठ्यांनी घेतला. १७७४ च्या डिसेंबरअखेर इंग्रजांनी हल्ला करून तो काबीज केला आणि १७८२ च्या सालबाईच्या तहात साष्टी कायमची त्यांच्याकडे गेली. आम्ही रस्त्याच्या पलीकडे सावलीत उभे राहिलो. आत जाता येत नाही, फोटो काढायचा नाही, हे आधीच सांगून ठेवलं होतं. कारागृह आहे, तिथले नियम असणारच.

पण सांगायला बंदी नाही. मी मुलांना त्रिंबकजी डेंगळ्यांची गोष्ट सांगितली. बडोद्याच्या गायकवाडांचे वकील गंगाधरशास्त्री यांचा १८१५ मध्ये पंढरपुरात खून झाला. दुसऱ्या बाजीरावाचा कारभारी त्रिंबकजी याच्यावर इंग्रजांनी त्याचा ठपका ठेवला आणि त्याला आणून या किल्ल्यात डांबलं. पळून जाऊ नये म्हणून पहारा सगळा गोऱ्या शिपायांचा. तिथेच इंग्रज फसले. एक मराठी मोतद्दार एका साहेबाकडे नोकरीला राहिला. तो रोज घोड्याची मालिश करत, घोडा फिरवत खिडकीखालून गाणं म्हणायचा. गोऱ्यांना वाटायचं, गातोय बिचारा कामाच्या तंद्रीत. गाण्यात सुटकेचा सगळा बेत असायचा. १८१६ च्या सप्टेंबरात त्रिंबकजी निसटला. पहारेकऱ्यांना मराठी येत नव्हतं, म्हणून निसटला.

मुलीने डोळे मोठे केले. "गाण्यात काय सांगत असेल तो?" मी म्हटलं, "तूच कर." आणि त्या दोघांनी तिथे, कारागृहाच्या समोर, सावलीत उभं राहून गाणं केलं: "घोडा तयार, दोर तयार, पहारेकरी पेंगतोय फार." धाकटा घोड्याच्या टापा तोंडाने वाजवत होता. जावई हसून बेजार झाले. त्या पोरांच्या मनात ठाणं आता जन्मभर राहणार, हे मला त्या क्षणी समजलं, आणि घशाशी काहीतरी आलं.

नंतरचं मी मुलांना हळू आवाजात सांगितलं, कारण ते हळूच सांगण्यासारखं आहे. याच कारागृहात २ मे १८४८ रोजी इंग्रजांविरुद्ध बंड करणाऱ्या राघोजी भांगऱ्यांना फाशी दिलं. याच कारागृहात १९ एप्रिल १९१० रोजी अनंत कान्हेरे, कृष्णाजी गोपाळ कर्वे आणि विनायक नारायण देशपांडे यांना नाशिकचा कलेक्टर जॅक्सन याच्या वधासाठी फाशी झाली. कान्हेरे अठरा वर्षांचे होते. मुलगी म्हणाली, "म्हणजे आमच्या शेजारच्या दादाएवढे." पुढे काही बोलली नाही.

मला काही मित्र म्हणतात, पोर्तुगीज-इंग्रजांचं कौतुक कशाला? मी कौतुक करत नाही. परक्यांनी इथे तट बांधला, त्याच तटाआड आपल्या माणसांना फासावर दिलं. पण म्हणूनच ती जागा दाखवायला हवी. ज्याला ती जागा दिसलीच नाही त्याला कान्हेऱ्यांचं वय कळूनही काय कळणार? येरवड्याच्या कारागृहात २६ जानेवारी २०२१ पासून लोकांना ऐतिहासिक भाग दाखवायला सुरुवात झाली. ठाण्यातही वर्षातून निदान दोन दिवस, १९ एप्रिलला आणि २ मेला, आधी नाव नोंदवून, सुरक्षेचे सगळे नियम सांभाळून, शाळेच्या मुलांना त्या वीरांच्या स्मृतीपुढे उभं राहता यावं, ही माझी मनापासूनची विनंती आहे. आणि तटाबाहेर, रस्त्याच्या कडेला, हा किल्ला आहे आणि इथे हे घडलं, एवढं मराठीत ठळक लिहिलेला एक दगड बसवावा.

या किल्ल्याची आणखी एक गोष्ट आहे, ती माझ्या जिव्हाळ्याची. १७८७ मध्ये किल्ल्यात पाया खणताना ताम्रपट सापडले. शिलाहार राजा अरिकेसरीचे, शके ९३९ चे, म्हणजे इसवी सन १०१७ चे. दानपत्र आहे ते. जमिनीचं. दान दिलेल्या गावाच्या चतुःसीमा त्यात लिहिल्या आहेत, पूर्वेला काय, दक्षिणेला काय, पश्चिमेला कुठली नदी. आयुष्यभर जमिनींच्या चतुःसीमा तपासलेल्या माणसाला हे वाचून काय होत असेल? हजार वर्षांपूर्वी माझ्यासारखाच कोणी कारकून, समोर चार गावकरी बसवून, ओढा कुठे, डोंगर कुठे, हे विचारून लिहून घेत असेल. ते पत्रे तांब्याचे होते म्हणून टिकले. आमचे ताव कागदाचे, त्यांना वाळवी लागते. ठाण्याचं जुनं नाव श्रीस्थानक. त्या काळी ही राजधानी होती, आणि पोर्तुगीज येण्याआधी पाचशे वर्षं इथे गावांच्या हद्दी लिहिल्या जात होत्या. हे मी सांगितल्यावर जावई म्हणाले, "मामा, हे सगळं लिहून ठेवा." ते लिहिण्याची जागा म्हणून मला आपलं वृत्तपत्र सुचलं. ठाण्यातून १८६६ साली 'अरुणोदय' निघत होतं, तेव्हापासून इथला माणूस आपलं म्हणणं वृत्तपत्राकडेच घेऊन जातो.

परत येताना मराठी ग्रंथसंग्रहालयावरून आलो. १ जून १८९३ रोजी विनायक लक्ष्मण भाव्यांनी सुरू केलेली संस्था. पाय दुखत होते म्हणून आत गेलो नाही, याची आता चुटपुट लागते. दोन दिवस हाती असते तर घोडबंदरचा किल्ला, अंजूरला नाईकांचा वाडा आणि दिव्याहून गाडीने वसईही झाली असती. वसईला जायला लोक मुंबईहून येतात, आम्ही खाडीच्या अलीकडे राहून जात नाही.

तर आता माझी मागणी. ती मोठी नाही. स्टेशनाच्या पश्चिमेला, माणूस बाहेर पडतो तिथे, एका भिंतीवर जुन्या ठाण्याचा एक मोठा नकाशा रंगवावा. त्यावर चालत जायचा रस्ता, प्रत्येक ठिकाणापर्यंत किती मिनिटं लागतात, पाणी कुठे, बसायला बाक कुठे, स्वच्छतागृह कुठे, हे लिहावं. प्रार्थनास्थळांच्या मंडळींना विचारून, कधी आत येता येतं, कधी नाही, काय सोबत आणावं, ते त्यांच्याच शब्दांत खाली लिहावं. प्रत्येक वास्तूपाशी चार ओळींची मराठी पाटी असावी, कोणी बांधलं, केव्हा, का. सगळी फेरी साधारण दोन-अडीच किलोमीटरची आहे, सकाळी आठला निघालं तर दुपारच्या जेवणाआधी होते. रविवारी सकाळी गावातले जुने लोक फिरवायला मिळतील. मी स्वतः येईन, आणि माझ्यासारखे निवृत्त पोस्टमन, शिक्षिका, रेल्वेतले लोक या आळ्यांत भरपूर आहेत. पैसे कोणी मागणार नाही.

नकाशा मी काढलेला आहे. ड्रॉइंग पेपरच्या पूर्ण तावावर, उत्तर वर धरून, प्रमाणशीर. पाहुणे गेल्यावर आठवडाभर रोज सकाळी फिरून पावलं मोजली आणि घड्याळ लावून वेळा टिपल्या. म्हाताऱ्या माणसाच्या चालीनं मोजल्या आहेत, म्हणजे कोणाची फसगत व्हायची नाही. तलाव निळा, देवळं-चर्चं तांबडी, किल्ला काळ्या शाईत, स्वच्छतागृहं हिरवी. ज्या खात्याला हवा असेल त्याने न्यावा. माझं नाव घालायची गरज नाही.

नकाशाचा फोटो मी भाचीला पाठवला होता. संध्याकाळी मुलीचा फोन आला. म्हणाली, "आजोबा, सगळं बरोबर आहे, पण घोडा कुठे आहे?" चौतीस वर्षांत सरकारी नकाशावर मी कधी प्राणी काढला नव्हता. किल्ल्याच्या दक्षिणेला, तटापासून थोडा दूर, खिडकीकडे तोंड करून उभा असलेला एक घोडा आता काढला आहे, आणि शेजारी त्याचा मोतद्दार.

आपला,
एक निवृत्त भूकरमापक
खारकर आळी, ठाणे (पश्चिम)